कापूस, खारं पाणी आणि नवतपा: सीएनजी इको कार्गो का तापते

अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा या मार्गावर रोज औषधांची खोकी पोचवणाऱ्या एका भावानं विचारलंय. मारुतीची पाच वर्षांची सीएनजी इको कार्गो आहे, एसीवाली. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, पण शहरात गर्दीत किंवा रेल्वे फाटकाशी दहा मिनिटं उभी राहिली की इंजिन तापल्याचा लाल दिवा लागतो. आठवड्यातून एकदा चिखलदऱ्याचा फेरा असतो, तिथे घाटात दोनदा थांबावं लागतं. सीट इतकी तापते की बसवत नाही. खोक्यांवर '25 अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं आणि दुकानदार खोकं हातात घेऊन म्हणतात, हे गरम लागतंय. गॅरेजवाल्यानं सुचवलंय की थर्मोस्टॅट काढून टाकू आणि फॅन डायरेक्ट करून देऊ. करावं का?

भाऊ, थर्मोस्टॅट काढू नका आणि फॅन डायरेक्ट करू नका. सव्वीस वर्षं मी याच पट्ट्यात गाड्या दुरुस्त करतोय, त्यातली निम्मी ओम्नी आणि इकोच्या सीटखाली डोकं घालण्यात गेली. माझ्याकडे मे महिन्यात तापून आलेल्या गाड्यांत ऊन बहुतेक वेळा फक्त निमित्त होतं. तापण्याचं कारण दिवाळीपासून गाडीत साचत आलेलं असतं. रेडिएटरच्या बाहेरून कापूस, आतून खारपाणपट्ट्यातलं पाणी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दोन्ही एकदम उघडं पडतं.

तुमच्या प्रश्नातच अर्धं निदान आहे. गाडी थांबली की तापते आणि पळाली की निवते, याचा अर्थ रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाहीये. धावताना समोरचा वारा ती उणीव भरून काढतो, उभ्या गाडीला तो आधार नसतो. घाटात इंजिनाचा जोर पूर्ण लागतो आणि वेग जेमतेम वीस-पंचवीसचा, म्हणून तिथेही तेच होतं. याउलट जी गाडी सिग्नलला शांत असते आणि हायवेला ऐंशीवर तापते, तिच्यात पाणी फिरण्याची अडचण असते. रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या असतात, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, नाहीतर खालचा होज पाइप ओढीनं आत चिमटतो. आणि उभी असो की पळती, दोन्हीकडे तापते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) रोज थोडं थोडं कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, तेव्हा मला हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलची, शंका येते. गिऱ्हाईक आलं की पाना हातात घेण्याआधी मी हाच प्रश्न विचारतो, उभी तापते की पळताना. यावर निम्मा खर्च वाचतो.

इकोची बांधणी आधी डोळ्यांसमोर आणा. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, रेडिएटर मात्र अगदी समोर, बंपरच्या जाळीमागे. दोघांमध्ये लांब पाइप. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर उभा, दोघांत बोटभर फट. या फटीतच तुमचा आजार असावा अशी मला दाट शंका आहे.

दिवाळीनंतर आपल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या आणि जिनिंगचे ट्रक सुरू होतात. अकोट रोडच्या कडेच्या बाभळीसुद्धा तेव्हा पांढऱ्या दिसतात. तीच रुई उडत उडत जाळीतून आत जाते, कंडेन्सरमधून गाळून निघते आणि रेडिएटरच्या तोंडावर बसते. वर धूळ, किडे, पावसाळ्यातला वाळलेला चिखल. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मागच्या एप्रिलमध्ये ब्रेडची डिलिव्हरी करणारी एक इको आली होती. तिचा कंडेन्सर नटबोल्ट सोडून दोन इंच पुढे सरकवला, तर रेडिएटरवरून राखाडी थर सोलून आख्खा हातात आला. जुन्या गादीतून काढलेल्या कापसासारखा, एका बाजूला रेडिएटरच्या फिनचे, म्हणजे पातळ पत्र्याच्या पात्यांचे, ठसे उमटलेले. त्या गाडीला आधी दोन ठिकाणी मिळून नवा थर्मोस्टॅट, नवी कॅप आणि नवा सेन्सर बसवून झाला होता. थर काढला, धुतलं, दिवा परत लागला नाही.

धुण्याचीही एक रीत आहे. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन समोरून मारली की कचरा आणखी आत ठासला जातो आणि फिन आडव्या होतात. पाणी साध्या नळीनं, इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर जातो. गाडी पूर्ण थंड असताना. आडव्या झालेल्या फिन जुन्या टूथब्रशनं आणि पातळ पट्टीनं हळूहळू सरळ करता येतात. वेळखाऊ काम आहे, पण करा. जिनिंगचा हंगाम संपला की फेब्रुवारीअखेर एकदा आणि मेच्या सुरुवातीला एकदा, वर्षातून दोनदा पुरे.

आता फॅन. इंजिन चालू करून एसी लावा, थोड्या वेळात फॅन सुरू व्हायला हवा. वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरा. पान जाळीकडे ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. ते बाहेर उडालं तर फॅन उलटा फिरतोय. हसण्यावारी नेऊ नका, मोटर बदलताना वायरी उलटसुलट जोडल्या गेलेल्या तीन गाड्या मी स्वतः सरळ केल्या आहेत. अशा गाडीत फॅन समोरच्या वाऱ्याशीच भांडत बसतो. पान नुसतंच थरथरलं, चिकटलं नाही, तर मोटर दमलेली आहे, कार्बन ब्रश झिजलेत. फॅन लागतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरीचं सॉकेट बघा. सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि ते बदला.

फॅन डायरेक्ट का करायचा नाही, तेही सांगतो. रिले आणि तापमानाचा सेन्सर यांच्यामुळे फॅन लागेल तेव्हाच फिरतो. डायरेक्ट केला की तो पहाटेच्या गारव्यातही फिरत राहतो, ब्रश लवकर संपतात, आणि घाईत ओढलेल्या बारीक वायरीतून सगळा करंट जाऊन ती तापते. स्विच लावून दिला तर आणखी वाईट, कारण एखाद्या दुपारी फोनवर बोलताना स्विच लावायचा राहतो. मूळ दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहून पाणी आतल्या आत फिरवतो आणि ठरलेल्या तापमानाला रेडिएटरची वाट उघडतो. बहुतेक गाड्यांत तो आकडा 82 किंवा 88 अंश असतो, थर्मोस्टॅटवरच कोरलेला सापडतो. काढून टाकला की हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, कॉम्प्युटर जास्त इंधन देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये काळा गाळ धरतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात फिरतो, म्हणजे ज्यासाठी काढला त्याच्या उलट घडतं. शंका असेल तर काढून तपासा, तपासणी अगदी सोपी आहे. चहाच्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीनं मधोमध लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप किलकिली झाली आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली, तर तो धडधाकट आहे. पाणी उकळलं तरी जागचा हलला नाही, तर नवा घ्या आणि नवाच बसवा.

आतली बाजू राहिली. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर हा पूर्णेकाठचा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात घेतलं तरी कळतं. रस्त्यात गाडी तापली की जवळच्या शेतातून कॅन भरून आणायचा आणि रेडिएटरमध्ये ओतायचा, ही सवय पिढ्यान्पिढ्यांची आहे. त्या पाण्यातला क्षार नळ्यांच्या आत पापुद्र्यासारखा बसतो, मीठ ॲल्युमिनियम कुरतडतं आणि वॉटर पंपाचं सील खातं. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर जो पांढरा थर दिसतो तोच रेडिएटरच्या आत असतो. रिझर्व्ह बाटलीतलं पाणी गढूळ तांबूस दिसत असेल तर तुमच्या गाडीत हे सुरू झालेलं आहे. सगळं काढून टाका, डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीनदा धुवा, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट भरा. तयार मिसळलेलं मिळतं ते तसंच ओतायचं, त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हिरवं, लाल, निळं या रंगावर जाऊ नका, रंग कुणीही काहीही घालतो. डब्यावरचा प्रकार बघा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

'नुसतं पाणी चालत नाही का?' हे मला रोज ऐकावं लागतं. उष्णता वाहून नेण्यात पाणी चांगलंच आहे. पण ते 100 अंशांना उकळतं, गंज धरतं आणि पंपाला वंगण देत नाही. कूलंटनं उकळण्याचा आकडा थोडा वर जातो, आणि खरी मदत करते ती रेडिएटरची कॅप. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा असतो. तो दाब धरला की आतलं पाणी 118-120 अंशांपर्यंत उकळत नाही. दीडशे-दोनशे रुपयांची ही वस्तू ढिली पडली की दाब धरत नाही आणि चांगलं इंजिनही उकळतं. कॅपमध्ये आणखी एक छोटी उलटी झडप असते, गाडी निवताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढणारी. सकाळी वरचा होज पाइप चपटा बसलेला दिसला तर ती झडप अडकली आहे. पाच वर्षांच्या गाडीची कॅप मी तपासत बसत नाही, त्याच आकड्याची नवी लावतो.

इकोत कूलंट भरताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. पाइप लांब असल्यामुळे आत हवा अडकते. मिस्त्री वरून भरतो, भरलेलं दिसतं, गाडी घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी तापून परत येते. मी गाडीचं तोंड चढावर करून उभी करतो, गाडी थंड असताना कॅप उघडी ठेवून अगदी बारीक धारेनं भरतो, इंजिन चालू करून होज पाइप हातानं दाबत राहतो. बुडबुडे थांबेपर्यंत. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवतो. मग कॅप लावून फॅन दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत वाट पाहतो, रात्रभर थंड होऊ देतो आणि सकाळी पातळी पुन्हा बघतो. दोन दिवसांच्या कामाला लोक कुरकुरतात, पण यात घाई चालत नाही.

गॅसचं थोडं. सिलिंडरमध्ये गॅस 200 बार दाबानं असतो, रेड्युसर या दाब कमी करणाऱ्या भागात तो एकदम खाली उतरतो आणि उतरताना प्रचंड थंड होतो. म्हणून रेड्युसरला इंजिनाच्या गरम कूलंटचा पाइप जोडलेला असतो. मे महिन्यात, 45 अंशांत, रेड्युसरवर पांढरं हिमासारखं साचलेलं दिसलं आणि गाडी गॅसवर झटके द्यायला लागली, तर कूलंट कमी झालंय किंवा त्या पाइपात हवा आहे असं समजा. लाल दिव्याच्या कितीतरी आधी मिळणारी ही सूचना आहे. ही खूण मी माझ्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो.

गॅस पहाटे भरा. पंप दाबावर थांबतो, आणि दुपारच्या गरम सिलिंडरमध्ये तोच दाब कमी गॅसवर पूर्ण होतो. पैसे किलोवर देता, त्यामुळे नुकसान पैशाचं नाही, फेऱ्यांचं आहे. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, पाव टाकी तरी असू द्या. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. गॅसवाल्या गाड्यांचे पंप जळतात ते यामुळेच. प्लग आणि टॅपेटची (इंजिनाच्या झडपांच्या फटीची) सेटिंग गॅसवर लवकर बिघडते, तीही उन्हाळ्याआधी करून घ्या. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तुमची गाडी पाच वर्षांची आहे, एक चाचणी होऊन गेलेली असायला हवी. प्लेटवरची तारीख आजच बघा.

सीट का तापते? खाली इंजिन आहे, थोडी ऊब लागणारच. बसवत नाही इतकी तापते तेव्हा मात्र दोन गोष्टी बघायच्या. सीट उचलल्यावर इंजिनाच्या झाकणाखाली उष्णता अडवणारं अस्तर असतं, आणि झाकणाच्या कडेनं रबराची पट्टी. प्रत्येक सर्व्हिसला झाकण निघतं, अस्तर ऑइलनं भिजतं, फाटतं, कुणीतरी काढून फेकतं. पट्टी तुटते. मग इंजिनाची सगळी वाफ तुमच्या मांडीखाली. दोन्ही नवीन बसवा. यात उकाड्यापेक्षा मोठा धोका आहे म्हणून जास्त सांगतो. सायलेन्सरचा जोड कुठे फुटलेला असेल तर धूर याच फटीतून केबिनमध्ये येतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. काचा लावून एसीत बसल्यावर डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं असं होत असेल तर ते उन्हाचं समजून सोडून देऊ नका. काचा उघडा आणि त्याच दिवशी गाडी तपासून घ्या.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. लहान मालगाड्या त्यात येत नाहीत, पण ऊन सगळ्यांना सारखंच लागतं. तुमच्या गाडीत एसी आहे तो वापरा. तो लावल्यानं गाडी तापते म्हणून बंद ठेवून उन्हात भाजत बसण्याची गरज नाही, रेडिएटर आणि फॅन नीट असतील तर ही गाडी एसीसकट 45 अंशांत चालते.

आता माल, कारण तुमच्याकडून औषध घेणारा माणूस खोक्याच्या आत बघू शकत नाही.

बंद बॉडीत उष्णता तीन वाटांनी येते. छतावरून उन्हाची, पुढून इंजिनाची, खालून सायलेन्सरची. छताची सर्वांत मोठी. छत पांढरं असेल तर अर्धी लढाई जिंकली. आत लावायचा असेल तर बंद कप्प्यांचा फोम, दहा-बारा मिलिमीटर जाड, वरच्या बाजूला चकचकीत फॉइल असलेला. पण फॉइल आणि पत्रा यांच्यात बोटभर हवा राहिली पाहिजे. फॉइल थेट पत्र्याला चिकटवलं तर ते ऊन परतवत नाही, पत्र्याची उष्णता सरळ आत उतरते. लाकडाच्या पट्ट्या मारून त्यावर शीट बसवा. साधं थर्मोकोल चिकटवू नका, ते भडकन पेटतं. खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पत्रा आतून सडेल. बॉडीला भोक पाडायचं, वर काही बसवायचं असेल तर आधी आरटीओच्या नियमात बसतं का ते बघा.

पुढच्या बाजूला, सीटच्या मागे, आणि जिथून खाली सायलेन्सरचा पाइप जातो तिथे माल थेट पत्र्यावर ठेवू नका. अर्धा इंच प्लायचा पाट आणि खाली पट्ट्या, एवढं पुरतं. रिकाम्या गाडीत एकदा दुपारी चप्पल काढून तळव्यांनी लादी चाचपून बघा, गरम जागा लगेच कळतात. तिथे खोके ठेवू नका, फारतर सलाइनचा रिकामा क्रेट ठेवा. भिंतीलाही खेटून लावू नका, चार बोटं जागा सोडा.

आपल्याकडची हवा कोरडी आहे, त्याचा फायदा घ्या. गाडी दुपारी उभी करायची असेल तर सावलीत, आणि छतावर ओलं गोणपाट. वाळ्याच्या ताट्यांनी घरं गार होतात तेच तत्त्व. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या भावानं हे केलं तर फारसा उपयोग होणार नाही, तिथे हवेत आधीच पाणी असतं. आणि चालत्या गाडीवर गोणपाट टाकू नका, उडून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जाईल.

पण सगळ्यात जास्त फरक वेळेनं पडतो. गाडी रात्रभर दारं उघडी ठेवून गार होऊ द्या, चोरीची भीती असेल तर पहाटे चारला उघडा. साडेपाचला माल भरा. अकराच्या आत परतवाडा गाठा. जे दुकान उशिरा उघडतं त्याला एकदा समजावून सांगा, औषधाचा प्रश्न आहे म्हटल्यावर लोक ऐकतात. उतरवताना मागचं दार सताड उघडं ठेवून गप्पा मारू नका, एका दुकानात पाच मिनिटं दार उघडं राहिलं की सकाळचा गारवा गेला.

इन्सुलिन आणि लसी वेगळ्या. त्यांना 2 ते 8 अंश लागतात, गाडीचा एसी त्यासाठी नाही. जाड भिंतीची थंड पेटी आणि आईस पॅक हवेत. फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा पॅक सरळ इन्सुलिनला टेकवायचा नाही, गोठलं की ते वाया गेलं, आणि बाटलीकडे बघून ते ओळखू येईलच असं नाही. पॅक बाहेर ठेवा, वर घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग पेटीत घाला, मध्ये पुठ्ठा ठेवून. आत छोटा थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक थांब्याला आकडा वहीत लिहा. दुकानदारानं विचारलं तर वही दाखवता येते.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी तपासा. किती ते दारावरच्या स्टिकरवर आहे. दुपारी टायर गरम असताना आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. सोडली की टायर जास्त चपटा चालतो, जास्त तापतो आणि फुटतो. समृद्धीच्या काँक्रीटवर वेगात, भरलेल्या गाडीत, कमी हवेनं चालणं सगळ्यात धोक्याचं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. आणि फेरा संपल्यावर चारही चाकांजवळ हाताची पाठ न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त ऊब देत असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. असा ब्रेक इंजिनावरही भार टाकतो, घाटात तापण्यामागे हेही असू शकतं.

लाल दिवा लागलाच तर काय करायचं ते पाठ करून ठेवा. एसी बंद. हीटर असेल तर पूर्ण चालू, काचा खाली. भाजल्यासारखं होईल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, इंजिनातली उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. इंजिन बंद करून किल्ली 'ऑन'वर ठेवा, काही गाड्यांत फॅन फिरत राहतो. वाफ दिसत असेल तर झाकणाजवळ जाऊ नका. कॅपला अर्धा तास तरी हात लावायचा नाही, ओल्या फडक्यानंही नाही. आत दाबानं धरलेलं, शंभरच्या वरचं पाणी असतं, कॅप सुटली की ते तोंडावर येतं. माझ्या एका शिकाऊ पोराच्या मानेवर अजून तो डाग आहे, म्हणून इतकं ठासून सांगतोय. थंड झाल्यावर भरा, तेही घोट घोट. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं. गाडीत डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन कायम ठेवा, म्हणजे कुणाच्या बोअरकडे जावं लागणार नाही.

आणि तुमचं स्वतःचं. नागपूरला 23 मे 2013 ला 47.9 अंश तापमान होतं, आणि 2024 च्या मे अखेरीस उन्हामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली होती. अशा दिवसांत गाडीपेक्षा चालक आधी कोसळतो. दुपट्टा ओला करून डोक्याला, लिटरभर पाण्यात चहाचे सहा चपटे चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून सोबत. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या. घाम थांबला, बोलण्यात गोंधळ झाला, चक्कर आली तर गाडी तिथेच लावा आणि 108 ला फोन करा.

उद्या पहाटे गाडी थंड असताना कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीत टॉर्च मारून फोटो काढा. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की फोनवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. दिवा लागण्याची वाट बघावी लागत नाही. मला तीन आकडे हवेत. अकोट रोडला साठच्या वेगानं, फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिल्यावर, आणि घाट चढून वर पोचताक्षणी. तिन्ही वेळा फॅन फिरत होता की नाही तेही लिहा. फोटो आणि आकडे पाठवा, मग पुढे काय उघडायचं ते सांगतो. तोवर गॅरेजवाल्याला म्हणा, थर्मोस्टॅटला हात लावू नको.